जुन्या रॅलीगाडीच्या पिंजऱ्याचा जीर्णोद्धार : प्रस्तावना

मोटारशर्यतींवरच्या लेखनात एंजिनाला, टायरांना आणि चालकांच्या धाडसाला जितकी पाने मिळाली, त्यांच्या शतांशानेही जिच्या वाट्याला आली नाहीत अशी एक वस्तू रॅलीगाडीत असते. आणि ती म्हणजे छताच्या पत्र्याखाली, माणसाच्या डोक्यापासून चार बोटांवर, आपल्यावर काम करण्याची वेळ कधीही येऊ नये अशा अपेक्षेने बसविलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा, ज्याला गॅरेजात सारे 'रोल केज' म्हणतात. प्रस्तुत पुस्तक या पिंजऱ्याविषयी आहे, आणि त्यातही त्याच्या एका विशेष अडचणीविषयी आहे : सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधल्या गेलेल्या, आजही ऐतिहासिक गाड्यांच्या रॅलींमध्ये हौसेने आणि बऱ्याच वेगाने धावणाऱ्या गाड्यांचे त्या काळचे पिंजरे आजच्या सुरक्षानियमांना रुजू कसे करावेत, त्यांतले काय राखावे, काय कापून टाकावे, आणि कोणत्या बाबतीत मालकाच्या हौसेला, मेस्त्रीच्या हिकमतीला आणि कायद्याच्या मजकुराला एकमेकांशी तडजोड करता येत नाही.

रॅली ही जंगलातल्या, डोंगरातल्या, एरवी गुराखी आणि लाकूडतोडे यांच्याच वहिवाटीत असलेल्या रस्त्यांवर एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध खेळावयाची स्पर्धा आहे. तिच्या कडांना टायरांचे बांध नसतात, झाडे, दगडी कुंपणे, ओहोळ आणि दऱ्या असतात. या खेळाच्या आरंभीच्या निरागसपणाचा एक अध्याय मुंबईच्या बंदरातूनही गेलेला आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीकडे निघालेल्या मॅरेथॉनमधल्या ९८ गाड्यांपैकी ७२ गाड्या मुंबईस पोचून 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियास गेल्या आणि अखेरीस अँड्र्यू कोवनची हिल्मन हंटर ही साधीशी कुटुंबवत्सल गाडी जिंकली. त्या गाड्यांच्या नाकावर कांगारूंच्या धडकेसाठी लोखंडी गजांची आडकाठी होती, जादा दिवे होते, टपावर जादा चाके होती. परंतु छत सांभाळणारी संपूर्ण चौकट हे रॅलीगाडीचे अनिवार्य अंग मानण्याचा काळ अजून यावयाचा होता. तो आला तो हप्त्याहप्त्यांनी, आणि बहुतेक हप्ते कोणाच्या तरी अपघातानंतर आले.

या पुस्तकाने उदाहरणादाखल जी गाडी घेतली आहे ती फोर्ड एस्कॉर्ट, आणि तीही तिची १९७५ पासून पुढे निघालेली दुसरी आवृत्ती. ही निवड सर्वथा योग्य आहे. १९७२ पासून १९७९ पर्यंत ब्रिटनची आर.ए.सी. रॅली लागोपाठ आठ वर्षे एस्कॉर्टनेच जिंकली, १९८१ चे चालकांचे जगज्जेतेपद आरी वाटानेनने तिच्यातच बसून मिळविले, आणि आजही ब्रिटन-आयर्लंडच्या ऐतिहासिक रॅलींत हिच्याइतकी ठायी ठायी दिसणारी दुसरी गाडी क्वचितच असेल. तिच्या काळातल्या सामान्य स्पर्धकाचा पिंजरा म्हणजे आसनांच्या मागे एक कमान, तिला पाठीमागून टेकू देणाऱ्या दोन तिरप्या नळ्या, आणि ऐपत असल्यास पुढच्या काचेलगत आणखी एक कमान. हे सारे नटबोल्टांनी जमिनीच्या पत्र्यावर आवळलेले. वजनाच्या लोभाने काहींनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचेही पिंजरे बसविले होते. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये, एवढीच त्या रचनेमागची कल्पना होती आणि तेवढ्या कल्पनेपुरती ती रचना वाईट नव्हती.

परंतु गाडी केवळ उलटते असे नाही. १९८५ च्या २ मे रोजी कोर्सिका बेटावर आत्तिलिओ बेत्तेगाची लान्चिया ०३७ झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. त्याचा सहचालक मात्र जिवंत राहिला. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेस, त्याच रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि सर्जिओ क्रेस्टो हे लान्चिया डेल्टा एस-४ मध्ये जळून मृत्यू पावले आणि या दोन्ही गाड्या ज्यात मोडत त्या 'ग्रुप बी' वर्गातल्या बेफाम गाड्यांना जागतिक रॅलींतून रजा मिळाली. पुढे २००५ च्या सप्टेंबरात वेल्सच्या जंगलात मार्को मार्टिनची प्यूजो ३०७ बाजूने झाडावर जाऊन त्याचा सहचालक मायकेल पार्क मरण पावला, ती गाडी तर त्या काळच्या सर्वोत्तम पिंजऱ्याची होती. छतावरून येणाऱ्या मृत्यूचा बंदोबस्त बराचसा झाल्यावर तो दारातून येऊ लागला, असे या इतिहासाचे एका वाक्यात वर्णन करता येईल. आणि जुन्या पिंजऱ्याची परीक्षा करताना त्याच्या कमानींपेक्षा त्याच्या दारांकडे मी आधी पाहतो त्याचे कारण हेच आहे.

आजचा कायदा पाहावयाचा तर पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे, म्हणजे एफआयएचे, परिशिष्ट 'जे' आणि त्यातील २५३ वे कलम उघडावे लागते. ऐतिहासिक गाड्यांकरिता परिशिष्ट 'के' हा स्वतंत्र जाबता आहे, आणि शिवाय प्रत्येक देशाच्या अधिकृत संस्थेचे स्वतःचे नियम आहेतच. २५३ व्या कलमाची भाषा रुक्ष आहे, पण तिच्यातला प्रत्येक आकडा बोलका आहे. मुख्य कमान थंड ओढकामाने काढलेल्या, बिनसांध्याच्या, ०.३ टक्क्यांहून अधिक कार्बन नसलेल्या पोलादी नळीची असावी. तिचा व्यास ४५ मिलिमीटर आणि भिंत २.५ मिलिमीटर, अथवा व्यास ५० आणि भिंत २ मिलिमीटर, याहून कमी नसावी. इतर नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालेल. १९९५ पूर्वीच्या गाड्यांत मुख्य कमानीलाही ही बारीक नळी मान्य असे, आणि जुन्या एस्कॉर्टींतून ती आजही सापडते.

सात मिलिमीटरांच्या या फरकाला पुष्कळ मालक क्षुल्लक समजतात, म्हणून येथे थोडे गणित मांडणे आवश्यक वाटते. नळीचा वाकण्याला असणारा विरोध तिच्या बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या चौथ्या घातांमधल्या फरकाच्या हिशेबाने वाढतो. त्यामुळे ३८ ची नळी काढून त्याच जाडीची ४५ ची घातली, तर मीटरमागे वजन सुमारे २.१९ किलोवरून २.६२ वर, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढते, परंतु ताठपणा सुमारे ७१ टक्क्यांनी वाढतो. ५० बाय २ ची नळी तर मीटरला २.३७ किलोच भरते आणि ताठपणात जुन्या नळीच्या जवळजवळ दुप्पट ठरते. मग सर्वांनी तीच का घेऊ नये? एक तर तिची भिंत पातळ असल्यामुळे दगडाच्या किंवा खुंटाच्या नेमक्या टोल्याने ती चेपण्याची भीती अधिक; आणि दुसरे, एस्कॉर्टसारख्या अरुंद गाडीत बारा मिलिमीटरांची ही वाढ नेमकी चालकाच्या कानाजवळच्या जागेतून वजा होते. मंजुरीसाठी पिंजऱ्याची प्रत्यक्ष दाबपरीक्षा घेतली जाते तेव्हा गाडीच्या वजनात १५० किलो मिळवून त्याच्या साडेसातपट भार मुख्य कमानीवर वरून टाकतात. हजार किलोंच्या गाडीला हा भार ८,६२५ किलोंचा होतो, आणि तेवढ्याखाली कमान ५० मिलिमीटरांहून अधिक दबता कामा नये. हा आकडा वाचून ज्याला आपल्या गाडीतली जुनी बारीक कमान आठवेल, त्याला पुढचे प्रकरण वाचण्यास वेगळा आग्रह करावा लागणार नाही.

आता या विषयातली खरी ग्यानबाची मेख. रीतसर मंजूर झालेल्या किंवा दाखला मिळालेल्या पिंजऱ्यात कोणताही कायमचा फेरफार, मग ती एखादी जादा नळी वेल्ड करणे असो वा आहे ती कापणे असो, कलमाने निषिद्ध आहे, आणि तो केल्यास दाखला रद्दबातल होतो. म्हणजे १९९० च्या सुमारास एखाद्या नामांकित कारखान्याने बनविलेला, पट्टीवर क्रमांक कोरलेला पिंजरा ज्याच्याजवळ आहे असा सद्हेतूने प्रेरित झालेला मालक जेव्हा दारात एक तिरपी नळी वाढवून आपल्या सहचालकाचे रक्षण करू पाहतो, तेव्हा तो एकाच दुपारी गाडीला थोडी अधिक सुरक्षित आणि पूर्णपणे बेकायदेशीर करून ठेवतो. वरकरणी हा न्याय उफराटा वाटतो, आणि मलाही तो काही वर्षे तसाच वाटत असे. पण दाखला हा नळ्यांच्या एका विशिष्ट जुळणीला मिळालेला असतो, आणि एक नळी वाढली की आघाताचा प्रवाह आपली वाट बदलतो, कधी कधी जी जागा त्याला पेलू शकत नाही तिथेच जाऊन फुटतो. म्हणून ग्रंथकाराने जी भूमिका घेतली आहे ती मला मान्य आहे : दाखल्याचा जुना पिंजरा जसाच्या तसा ठेवावा आणि तो ज्या वर्गात चालतो त्या वर्गापुरते समाधान मानावे, नाहीतर तो मुळापासून काढून नवा बांधावा व नवा दाखला घ्यावा. मधला मार्ग ठिगळांचा आहे. ज्या पिंजऱ्याला मुळीच दाखला नाही, जो केवळ कलमातल्या आकृत्यांबरहुकूम बांधलेला आहे, त्याच्या बाबतीत मात्र जादा नळ्यांची तजवीज करता येते. तेथे ग्रंथकार मला थोडे अधिक कडक वाटले.

जुना पिंजरा तपासावयाचा म्हणजे बहुतेक लोक वर पाहतात, पाहावे खाली. मुख्य कमानीच्या पायाशी अंथरलेला गालिचा उचलून, रंग आणि डांबरी लेप खरवडून, लहान हातोडीने पत्र्यावर टिचक्या मारीत गेल्यास चांगल्या पत्र्याचा खणखणीत आवाज अचानक बद्द होतो ती जागा गंजाची असते. एस्कॉर्टच्या दाराखालचा उंबरठा, ज्याला गॅरेजात 'सिल' म्हणतात, तो आणि त्यालगतची जमीन ही गंजाची ठरलेली वसतिस्थाने होत. आणि पिंजऱ्याचे पाय नेमके तेथेच येतात. पुष्कळदा सडलेल्या पत्र्यावर एक पट्टी, तिच्यावर दुसरी, आणि त्या दोहोंवर पायाची प्लेट असा थर आढळतो. वरून रंग इतका सुबक असतो की नवशिक्याने त्यालाच मजबुती समजावे. कलमाची अपेक्षा अशी की मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची प्लेट गाडीच्या अंगाला वेल्ड केलेली असावी आणि पाय किमान तीन ८ मिलिमीटरी बोल्टांनी, तेही ८.८ प्रतीच्या, तिच्यावर बसवावा. ही प्लेट चांगल्या पत्र्याला जोडलेली आहे असे कलम गृहीत धरते. तशी ती नसेल, तर आघाताच्या वेळी पिंजरा शाबूत राहतो आणि जमीन फाडून खाली उतरतो. माणसाच्या दृष्टीने परिणाम एकच. यास्तव पिंजऱ्याचे काम हे प्रथम पत्र्याचे काम आहे, आणि त्याचा अर्धा खर्च पिंजऱ्याला हात लावण्यापूर्वीच होतो, हे मालकाला आधीच स्पष्ट सांगावे.

नळ्यांचीही अशीच झडती घ्यावी लागते. वाकविताना नळीची बाहेरची भिंत ताणून पातळ होते. म्हणून वाकेची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी असा नियम आहे, ४५ च्या नळीला ती १३५ मिलिमीटर येते. जुन्या पिंजऱ्यांत याहून तंग वाका, चपटलेल्या कडा आणि आतल्या अंगाला सुरकुत्या सापडतात. भिंतीची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने छिद्र न पाडता मोजता येते आणि ती सरळ भागात व वाकेच्या बाहेरच्या अंगाला अशी दोन्हीकडे मोजावी. चकचकीत क्रोमचा मुलामा दिलेला पिंजरा सापडला तर मोजमापाचा खटाटोपच करू नये, कारण तसा मुलामा कलमाने वर्ज्य आहे.

वेल्डिंगचे प्रकरण या पुस्तकातले सर्वोत्कृष्ट प्रकरण आहे. टाका नळीच्या पूर्ण घेराभोवती, धातूच्या संपूर्ण जाडीत उतरलेला असला पाहिजे, हे सांगणे सोपे आहे. परंतु कमान छताच्या पत्र्याला जवळजवळ घासून असते आणि तिच्या वरच्या अंगाशी ना वेल्डरचा हात पोचतो ना त्याची दृष्टी. जुन्या पिंजऱ्यांच्या छतालगतच्या सांध्यांवर आरसा धरून पाहिले, तर खालून अर्धवर्तुळभर सुरेख टाका आणि वर उघडी फट, असे चित्र वारंवार दिसते. कसबी कारागीर यावर उपाय करतात तो असा : कमानीच्या पायांखाली जमिनीला तात्पुरती भोके पाडून सगळा पिंजरा हातभर खाली सोडतात, त्यामुळे छत आणि नळी यांच्यात पुरेशी फट मिळते, वरचे सांधे चहूबाजूंनी पुरे करतात, मग पिंजरा पुन्हा उचलून त्याच्या पायांखाली पोलादी पेट्या बसवितात आणि भोके बुजवितात. काही जण त्याऐवजी छतच कापून बाजूला ठेवतात. पहिली रीत कष्टाची, पण एस्कॉर्टच्या मूळ छताचे सांधे राखणारी असल्यामुळे तीच अधिक सभ्य वाटते.

दारांतली नळ्यांची फुली, तिचे वरचे टोक दाराच्या उघडीच्या निम्म्या उंचीहून वर जाऊ नये हा निर्बंध, छताखालची तिरपी जोडणी, नळ्यांच्या संगमावर घडी घालून वेल्ड केलेल्या पत्र्याच्या गसेट, काचेच्या खांबालगतची पुष्टी, यांची चर्चा ग्रंथात सविस्तर आणि आकृत्यांसह आली असल्याने तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटते ती अशी. रॅलीतील एका स्पर्धाखंडापासून दुसऱ्यापर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावरून जाते, आणि त्या वेळी चालकाच्या डोक्यावर बहुधा हेल्मेट नसते. नळ्यांवर एफआयएच्या ८८५७-२००१ या प्रमाणाचे जे कठीण आवरण चढवितात ते हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी योजलेले आहे. उघड्या कवटीला ते पोलादाहून बरे, इतकेच. जिने वीस वेळा उलटलेल्या गाडीतून माणसे वाचविली, ती नळी बाजारपेठेतल्या किरकोळ धडकेत त्याच माणसांची डोकी फोडू शकते. म्हणून आसन किती मागे व किती खाली घेता येईल हे आधी ठरवावे आणि मग कमानीची जागा नक्की करावी. बहुतेक गॅरेजांत हा क्रम नेमका उलटा असतो. खांद्यांवरून जाणारे पट्टे ज्या आडव्या नळीला अडकतात तिची उंचीही याच हिशेबात धरावी लागते, कारण ते पट्टे ४५ अंशांहून अधिक उतारावर गेल्यास आघातात पाठीचा कणा दाबतात.

या सगळ्यावर एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो घेणारी माणसे मूर्ख नसतात. त्यांचे म्हणणे असे, की ऐतिहासिक गाडी ही दस्तऐवजासारखी आहे, तिच्यात आजच्या नळ्यांचे जंगल उभे केले तर ती १९७७ ची गाडी उरत नाही. शिवाय जादा नळ्यांनी बॉडीचा ताठपणा वाढतो, चाके रस्त्याला अधिक इमानाने धरतात, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली वेगच विकत घेतला जातो. यातला दुसरा भाग खरा आहे. एखाद्याचा पिंजरा पुढच्या स्प्रिंगांच्या माथ्यापर्यंत पोचलेला पाहिला म्हणजे तो जिवाच्या काळजीने तेथवर गेला असे मानणे कठीण जाते, आणि परिशिष्ट 'के' गाडीचा मूळ कालखंडातला स्वभाव राखण्याविषयी इतके काटेकोर आहे ते उगाच नव्हे. पहिल्या भागाशी मात्र मी सहमत नाही. आजच्या ऐतिहासिक एस्कॉर्टला आजचे टायर, आजचे ब्रेकचे पदार्थ आणि नव्याने घडविलेली एंजिने मिळतात. ती आपल्या तरुणपणी होती त्याहून वेगाने वळणे घेते. वेग वर्तमानकाळाचा आणि पिंजरा भूतकाळाचा असा हिशेब मांडणाऱ्याने निदान आपल्या शेजारी बसणाऱ्या सहचालकाची लेखी संमती घ्यावी. ज्याला सर्वस्वी मूळ रूप राखावयाचे आहे त्याच्यासाठी प्रदर्शने आहेत, संथ गतीच्या नियमितता-रॅली आहेत, आणि तेथे जुनी कमान तिच्या बोल्टांसह खुशाल मिरवावी.

हे पुस्तक मराठीत असण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. नाशिकने महाराष्ट्र रॅलीच्या निमित्ताने राष्ट्रीय स्पर्धेच्या गाड्या आपल्या मातीत धावताना पाहिल्या आहेत. मारुती एस्टीम आणि जिप्सी या एकेकाळच्या रॅलीगाड्या आता आपल्याकडेही जुन्यांत जमा होऊ लागल्या आहेत, आणि त्यांचे पिंजरे एस्कॉर्टच्या पिंजऱ्यांहून वेगळ्या रोगांनी आजारी नाहीत. नळी वाकविणारे आणि वेल्डिंगचे हात असलेले कारागीर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत कमी नाहीत. कमी आहे ती कागदाची शिस्त. फर्निचरची नळी आणि पिंजऱ्याची नळी रंग दिल्यावर सारख्याच दिसतात; शिवणीची कोणती आणि बिनसांध्याची कोणती हे मग फक्त कापल्यावर कळते. तेव्हा ग्रंथाच्या परिशिष्टात दिलेली एक साधी रीत प्रत्येक गॅरेजने आजपासून अंमलात आणावी असे मला वाटते : नळी विकत घेताना पोलादाच्या घाण्याचा क्रमांक असलेले गिरणीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, प्रत्येक नळीचा वीतभर तुकडा कापून त्याच्यावर तोच क्रमांक ठोकावा, आणि पिंजऱ्याच्या आतल्या सांध्यांची रंग देण्यापूर्वीची छायाचित्रे, प्रमाणपत्र व तो तुकडा अशा तिन्ही वस्तू गाडीच्या दफ्तरात ठेवाव्यात. गाडी विकली गेली तर दफ्तर तिच्याबरोबर जावे. तपासनीस पुढे कधी हरकत घेईल, तेव्हा त्याला छत कापावयास न सांगता तो तुकडा त्याच्या हातात देता येईल.